रोमचा पाणी-अधिकारी फ्राँटिनस

तरवारीनें मिळविलेली कीर्ति मागें पडून नळांच्या हिशेबानें ज्याचें नांव टिकलें, अशा एका रोमन पुरुषाचें अल्पचरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

सेक्स्टस ज्यूलियस फ्राँटिनस हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला. इ. स. ७४ च्या सुमारास तो ब्रिटनचा सुभेदार झाला व वेल्समधील सिल्युरीज नांवाच्या लढाऊ लोकांस त्यानें नमविलें. कौन्सल हें राज्यांतील अत्यंत मानाचें पद त्यास तीन वेळां लाभलें. युद्धांतील युक्त्यांवर त्याचा एक ग्रंथही आहे.

इ. स. ९७ मध्यें नर्वा बादशहानें त्यास पाण्याचा मुख्य अधिकारी नेमिलें. त्या वेळीं रोमला नऊ कालव्यांचें पाणी येई. पहिला ख्रिस्तपूर्व ३१२ मधला. शेवटचे दोन, ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत उल्लेखिलेल्या क्लौद्य कैसरानें इ. स. ५२ मध्यें पुरे केलेले. मार्सिया नांवाचा एकटा कालवा ६१ रोमन मैलांहून लांब होता. एवढें पाणी येऊनही रस्त्यांवरील सार्वजनिक हौदांस तें पुरेसें पोंचत नसे, आणि गोरगरिबांचा सारा आधार त्या हौदांवरच!

थोर कुळांतील अधिकारी असलीं कामें हाताखालच्या माणसांवर सोंपवून स्वस्थ बसत. तसें करणें फ्राँटिनसास लाजिरवाणें वाटलें. उतारवयांत तो कालव्यांच्या उगमापर्यंत गेला, त्यांचे नकाशे करविले व पाणी मोजूं लागला. मापाचें नांव क्विनेरिया. म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाची तोटी. सरकारी दप्तरांत एकंदर १२,७५५ क्विनेरिया नोंदलेले, वांटप १४,०१८ चें, आणि उगमाजवळ मोजावें तों वांटपाहून सुमारें १०,००० अधिक!

हें पाणी जाई कोठें? नळवाले घेण्याच्या मोठ्या तोट्या वाजवीहून रुंद व देण्याच्या वाजवीहून अरुंद करीत; घ्यावयाची पायली निराळी व द्यावयाची निराळी ठेवणाऱ्या कपटी वाण्याचीच ही रीत. पाण्याचा हक्क नव्या माणसास मिळाला कीं हौदास नवें भोंक पाडीत व जुनें तसेंच ठेवून त्यांतील पाणी विकीत. रस्त्याखालून चोरनळ्या तर ठिकठिकाणीं गेल्या होत्या. त्या उपटल्या तेव्हां पुष्कळ शिसें हातीं आलें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्विनेरिया हें तोटीच्या तोंडाचें माप. पाण्याचा वेग त्यांत धरलेला नाहीं. वेगानें वाहणारें पाणी अधिक भरतें हें फ्राँटिनसास उमगलें होतें, पण तो वेग मोजण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. म्हणून तो सर्वच आकडा चोरीचा मानणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. चोरी मात्र खरी होती.

कायदे पूर्वींपासून होते. त्यानें ते अंमलांत आणण्याचा आग्रह धरिला. कैसराच्या लेखी परवानगीवांचून कोणासही खाजगी पाणी मिळूं नये. तोटी कांशाची, बारा अंगुळें लांब व शिक्का मारलेली असावी. तिच्यापुढें पन्नास फुटांपर्यंत नळी तिच्याहून रुंद नसावी. हक्क त्या माणसापुरताच. वारसास किंवा घर विकत घेणारास तो आपोआप मिळत नसे. कालवा बुद्ध्या फोडणारास १,००,००० सेस्टर्स दंड होता. पाण्याच्या हक्कांपासून वर्षास सुमारें २,५०,००० सेस्टर्स येत. डोमिशियनच्या काळीं ही रक्कम बादशहाच्या पेटींत जाई, ती नर्वानें जनतेस परत दिली.

कालव्यांच्या कामावर ७०० गुलाम होते. मुकादम लांच घेऊन त्यांस लोकांच्या खाजगी कामास लावीत. फ्राँटिनस दुसऱ्या दिवसाचें काम आदल्या दिवशींच लिहून देई व झालेलें काम वहींत नोंदवी. स्वच्छ मार्सियाचें पाणी पिण्याकरितां राखून गढूळ पाणी बागांस द्यावें, अशीही व्यवस्था त्या वेळीं झाली.

इ. स. १०३ च्या सुमारास तो वारला. आपलें स्मारक उभारूं नये, तो खर्च व्यर्थ आहे, असें त्यानें बजावून ठेविलें होतें. स्वतःस मार्गदर्शन व्हावें म्हणून पाण्याविषयीं त्यानें जें टिपण केलें, त्याची एक जुनी प्रत मोंते कासिनो येथील ख्रिस्ती मठांत होती. १४२९ सालीं ती पोज्जो नांवाच्या विद्वानास तेथें सांपडली.