हायड्रोजनचा हिशेब लावणारी सिसिलिया
सूर्य कशाचा बनलाय? शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत, पृथ्वी ज्याची, त्याचाच. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा ढिगानं दिसतात, म्हणजे लोखंडही भरपूर असणार ना!

हा समज मोडला सिसिलिया पेननं. जन्म १९०० चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये शिकली, पण तिथं तेव्हा मुलींना पदवीच देत नसत. १९२३ मध्ये ती अमेरिकेत हार्वर्डला गेली. आपल्या मेघनाद साहांचं समीकरण तिनं ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं. रेषा किती ठळक, हे तापमानावरही ठरतं. नुसत्या रेषा पाहून प्रमाण सांगता येत नाही. नीट हिशेब केल्यावर हायड्रोजन निघाला धातूंच्या जवळपास दहा लाख पट!

१९२५ चा हा प्रबंध. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री रसेल यांना तो आकडा अशक्य वाटला, आणि पंचविशीतल्या सिसिलियाला प्रबंधातच तो बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं तिथंच पोहोचले. तिला प्राध्यापकपद मात्र १९५६ मध्ये मिळालं. १९७९ मध्ये ती गेली.

तिचा पेच अजून आहे. दीर्घिकांमधला थंड रेण्वीय हायड्रोजन जवळजवळ चमकतच नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचे रेडिओतरंग मोजून त्याचा अंदाज बांधतात. पण लघु मॅगेलन मेघात (आपल्या सेलूतून तो कधीच दिसत नाही, क्षितिजाखालीच राहतो) जड मूलद्रव्यं सूर्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढीच. धूळही विरळ, त्यामुळे अतिनील प्रकाश कार्बन मोनॉक्साइड फोडून टाकतो. हायड्रोजन मात्र तगतो. तिथं आकाशगंगेचाच गुणक लावला, तर वायू आहे त्यापेक्षा कितीतरी कमी भरतो.