विश्लेषण : अवघड जागेचे दुखणे दाखवायचे कुणाला? डॉ. रखमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी काय केले?

पाळी गेल्यानंतर लघवीच्या जागी छोटी, लाल, मऊ गाठ हाताला लागते. कपड्यावर रक्ताचा डाग दिसतो. बहुतेकदा ही गाठ कर्करोगाची नसते, पण दाखवायची कुणाला या संकोचात महिने निघून जातात. वसई-विरारमधून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच पुढे सुरत लागते. तेथे १८९५ मध्ये एका मराठी डॉक्टरने महिलांच्या या अडचणीवर काम सुरू केले. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई राऊत.

रखमाबाई कोण होत्या?

जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित होते. ११व्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मात्र त्या माहेरीच राहिल्या.

खटला काय होता?

पत्नीने नांदायला यावे, यासाठी दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर १८८७ मध्ये चित्र उलटले. नांदायला जा किंवा सहा महिने कैद, असा आदेश झाला. नकळत्या वयात झालेले लग्न न मानता त्यांनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

डॉक्टर कशा झाल्या?

मुंबईत महिला आणि मुलांसाठी १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले होते. तेथील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून आणि ब्रसेल्सची एमडी पदवी घेऊन त्या परतल्या.

त्यांच्या कामाचे महत्त्व काय?

पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला तेव्हा अनेक महिला तयार नसत. तपासणीच नाही, तर निदान कुठून होणार? सुरत आणि नंतर राजकोट येथील महिला रुग्णालयांत रखमाबाईंनी सुमारे ३५ वर्षे सेवा दिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज निदान आणि उपचार कसे होतात?

मूत्रमार्गाच्या तोंडाशी येणारी लाल, मऊ वाढ म्हणजे कॅरंकल. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने ती प्रामुख्याने दिसते. त्रास नसेल तर केवळ लक्ष ठेवले जाते. त्रास असल्यास कोमट पाण्याचा शेक आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेन क्रीम दिले जाते. तरीही न गेल्यास छोटी शस्त्रक्रिया करतात.

स्नायूंपासून बनणारी लायोमायोमा ही गाठ दुर्मीळ. ती साधारण तिशी-चाळिशीत आढळते, हाताला घट्ट लागते आणि लघवी अडवू शकते. सोनोग्राफी किंवा एमआरआय, तसेच दुर्बिणीने तपासणी करून ती शस्त्रक्रियेने काढतात. सहसा ती पुन्हा होत नाही.

गाठ साधी की कर्करोगाची, हे नुसते पाहून नेहमीच कळत नाही. शंका असल्यास तुकडा तपासावा लागतो. त्यामुळे रक्त दिसणे, गाठ लागणे किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही झाल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. महिला डॉक्टरांकडूनच तपासणी हवी असेल, तर तसे निःसंकोच सांगावे. रखमाबाईंच्या काळात दुर्मीळ असलेला हा पर्याय आज उपलब्ध आहे.