घरचा अंकुश

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की दोन गोष्टी हटकून आठवतात : डोंगरीचा तुरुंग आणि जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा. एक सरकारची शिक्षा, दुसरी समाजाची. मला मात्र या दोहोंच्या मधला काळ अधिक बोलका वाटतो.

कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेला हा गरिबाघरचा मुलगा. डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री जडली. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला आणि संपादक झाले आगरकर. देशी पत्रांच्या मुसक्या बांधणारा लिटनचा १८७८ चा कायदा तेव्हा लागू होता. तो १८८२ साली रद्द झाला आणि त्याच वर्षी आगरकर-टिळक तुरुंगात गेले, ते साध्या अब्रुनुकसानीसाठी! कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांना दोषी धरणाऱ्या लिखाणामागची पत्रे बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवसांनी सुटका. हेतू चांगला होता. पण घाव एका माणसाच्या अब्रूवर बसला होता. तो खटला अन्यायाचा होता, असे मला म्हणवत नाही.

खरा पेच पुढे पडला. बालविवाह, विधवांचे केशवपन यांवर आगरकरांना घणाघाती लिहायचे होते. सहकाऱ्यांना वाटे, आधी राजकारण. लोकांना दुखवून पत्र चालायचे कसे? पत्र सामाईक होते. आपल्या नावावर काय छापले जावे हे ठरवण्याचा हक्क त्यांनाही होताच. पण कायद्याचे कलम निदान वाचता येते, वकील देता येतो. ‘हे आपल्या पत्रात नको’ याला अपील कुठले? १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी गोखल्यांना जोडीला घेऊन त्यांनी ‘सुधारक’ काढला. आज कोट्यवधी लोकांचा मजकूर ठेवायचा की काढायचा हे मूठभर खासगी कंपन्या ठरवतात. तिथून बाहेर काढलेल्याने स्वतःचा छापखाना गाठावा, हा सल्ला द्यायला सोपा आहे.

‘सुधारक’ने पुणे खवळले. त्यांची प्रेतयात्रा निघाली ती याच काळात. असल्या विटंबनेला कायद्याने आवर घालावा, असे आपल्याला पटकन वाटते. समाजात वैर पसरवण्याविरुद्धचे कलम १८९८ साली आले, धर्मभावना दुखावण्याचे १९२७ साली. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. ती आधी असती तर फिर्याद घेऊन कोर्टात कोण गेले असते? माझ्या मते, प्रेतयात्रा काढणारेच. शास्त्रांवर एवढे कडक लिहिणारा आरोपी त्यांना दुसरा कुठे सापडता!

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा पाठ सोडत नव्हता. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.