मास्टर भगवान : गिरणगावाचा नायक

चरित्रे बहुधा राजपुरुषांची, संतांची अथवा दानशूर धनिकांची लिहिली जातात. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतही देणगीदार, विद्याविभूषित आणि अधिकारपदास पोहोचलेले बांधव यांनाच मानाचे पान मिळते, आणि ते योग्यही आहे. तथापि या खेपेस आम्ही वाचकांपुढे एका नटाचे चरित्र ठेवीत आहोत. हा नट आपल्या ज्ञातीचा होता की नव्हता याची चौकशी आम्ही केलेली नाही, व ती करण्याची आवश्यकताही आम्हांस वाटली नाही. दादर, परळ आणि लालबाग येथील चाळींत ज्यांच्या दोनतीन पिढ्या नांदल्या, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो होता. त्याचे नाव भगवान आबाजी पालव. चित्रपटसृष्टी त्यांस मास्टर भगवान म्हणे आणि दादरकरांच्या तोंडी ते भगवानदादा होते.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ३ मे रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात झळकला होता. हा चित्रपट तयार झाला तो दादरलाच. भारतीय चित्रपट आणि भगवानदादा अशा रीतीने एकाच वर्षाची अपत्ये होत. त्यांचे वडील कापडगिरणीत कामगार होते. गिरणीचा भोंगा झाला की घर सोडायचे आणि पाळी संपली की परतायचे, हा त्या घराचा क्रम. मुलानेही त्याच वाटेने जावे, यात कुणास वावगे वाटण्याजोगे काही नव्हते. भगवानदादांनी आरंभी मजुरी केलीही. परंतु त्यांचे चित्त पडद्यावर जडले होते. व्यायामाने कमावलेले शरीर, परदेशी साहसपटांतील उड्या-मारामाऱ्यांचे वेड आणि अंगी उपजत असलेला ताल, एवढ्याच भांडवलावर त्यांनी स्टुडिओचा उंबरठा ओलांडला.

मूकपटांचा काळ तेव्हा संपत आला होता. 'क्रिमिनल' या मूकपटात त्यांना प्रथम संधी लाभली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' हा पहिला बोलपट प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता सारी सृष्टी पालटली. मुक्या अभिनयावर नाव मिळविलेले कित्येक नट या संक्रमणात मागे पडले. भगवानदादा टिकले, याचे कारण ते केवळ नट राहिले नाहीत हे होय. स्टुडिओत जे जे काम दिसेल ते ते त्यांनी हाताखाली घातले आणि चित्रपट कसा उभा राहतो, त्याचा पैसा कोठे खर्ची पडतो, हे सारे पाहून शिकून घेतले. १९३८ साली 'बहादुर किसान' या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासमवेत केले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

पुढील दहाबारा वर्षे त्यांनी साहसपटांचा सपाटा लावला. सुमारे ६५,००० रुपयांत संपूर्ण चित्रपट पुरा करण्याची किमया त्यांस साधली होती. कथा, दिग्दर्शन व भूमिका तर त्यांच्याकडे असेच. शिवाय नटांचे पोषाख ठरविणे आणि मंडळींच्या जेवणाची व्यवस्था पाहणे हेही तेच करीत. शिष्ट समीक्षकांनी या चित्रपटांकडे पाठ फिरविली. परंतु दिवसभर साच्यापुढे उभे राहून आलेला कामगार त्यांच्या खेळास गर्दी करी. आठ तास यंत्राची आज्ञा पाळणाऱ्या माणसास, एकटा नायक दहा जणांस लोळवितो हे पाहून काय समाधान मिळत असेल, ते गिरणगावात राहिलेल्यांस सांगावयास नको. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. त्यातील चंद्रू नावाचा हत्ती प्रेक्षकांच्या विशेष लक्षात राहिला.

येथे एका दुःखद प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गौरवग्रंथांत अशा गोष्टी झाकण्याची पद्धत आहे. परंतु झाकलेल्या चरित्राचा वाचकास उपयोग नसतो. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असता भगवानदादांनी ललिता पवार यांच्या मुखात मारावयाची होती. ती थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्यास अर्धांगाचा विकार जडला, डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली आणि सुमारे तीन वर्षे त्यांना उपचारांत काढावी लागली. नायिका म्हणून त्यांची चालू असलेली कारकीर्द तेथेच संपली. त्यानंतर त्याच अधू डोळ्यानिशी त्यांनी चरित्रभूमिकांत जो लौकिक मिळविला तो सर्वांस ठाऊक आहेच. तथापि तो त्यांच्या धैर्याचा पराक्रम होय, त्या थप्पडेचे समर्थन नव्हे. हेतू वाईट नसला तरी हातून घडलेल्या हानीचे मोल दुसऱ्यासच द्यावे लागते, एवढा बोध यातून आपण घ्यावा.

१९४२ सालीच भगवानदादा निर्माते झाले. जागृती पिक्चर्स ही संस्था त्यांनी स्थापिली आणि १९४७ साली चेंबूर येथे जागृती स्टुडिओ उभारला. गिरणीकामगाराच्या मुलाने स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ बांधावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. याच सुमारास राज कपूर यांनी त्यांस मारामारीचे चित्रपट सोडून सामाजिक कथेस हात घालण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याचा सल्ला योग्य वेळी मानणे हाही एक गुणच आहे. भगवानदादांनी तो मानला, आणि १९५१ साली 'अलबेला' जन्मास आला.

या चित्रपटाची नायिका होती गीता बाली. त्या वेळी ती नावारूपास आलेली अभिनेत्री होती. नायक मात्र स्वतः भगवानदादा! ठेंगणा बांधा, स्थूल देह आणि चारचौघांसारखा चेहरा; तत्कालीन नायकाच्या कोणत्याही व्याख्येत ते बसणारे नव्हते. परंतु कथा जणू त्यांचीच होती. रंगभूमीवर नाव काढण्याचे स्वप्न पाहणारा एक गरीब घरातील तरुण, त्याची नोकरी सुटते, तो घराबाहेर पडतो, कीर्ती मिळवितो. मात्र घरी धाडलेला पैसा घरच्यांपर्यंत पोहोचतच नाही. चाळीत राहून मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांस ही कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

'अलबेला'च्या यशात संगीतकार सी. रामचंद्र यांचा वाटा फार मोठा होता. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले हे रामचंद्र चितळकर भगवानदादांचे जुने सोबती. भगवानदादांनीच त्यांस आपल्या चित्रपटांतून संगीतदिग्दर्शनाची प्रारंभीची संधी दिली होती. त्या मैत्रीची परतफेड अण्णांनी 'अलबेला'च्या सुरावटींनी केली. राजेंद्र कृष्ण यांची गीते, लता मंगेशकर आणि स्वतः चितळकर यांचे स्वर, आणि त्यांवर भगवानदादांची ती प्रसिद्ध नृत्यशैली. ती शैली पाहावयास अगदी सोपी. पावलांची बेताची हालचाल, हातांचे डौलदार हेलकावे आणि मुद्रेवर मिस्कील भाव. अंगास झटके नाहीत, कसरती नाहीत. पहिल्यांदा पाहणारासही वाटावे की हे आपल्यास जमेल, आणि हेच त्या शैलीचे रहस्य होते. ती वरातीत शिरली, गणपतीच्या मिरवणुकीत शिरली; पुढल्या पिढीत अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटाच्या नृत्यातही तिची छाया रसिकांनी ओळखली.

यशापाठोपाठ वैभव आले. जुहू येथे समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारास एक, अशा सात मोटारी. १९५३ साली त्याच नायिकेस व त्याच संगीतकारास घेऊन त्यांनी 'झमेला' काढला. परंतु पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. पुढे 'हँसते रहना' हा चित्रपट हाती घेतला; तो पुरा होऊ शकला नाही आणि त्यात गुंतलेले धन बुडाले. १९६६ सालच्या 'लाबेला'नेही हात दिला नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी एकामागून एक गेल्या. ज्या माणसाने ६५,००० रुपयांत चित्रपट पुरा करून दाखविला, त्यानेच पुढे आपले सर्वस्व एकेका चित्रपटावर लावावे, हा त्यांच्या आयुष्यातील मोठा विरोधाभास होय. अल्प भांडवलात जी सावधगिरी त्यांनी पाळली, ती वैभवात सुटली. धंद्याचा पैसा आणि संसाराचा पैसा यांमध्ये भिंत न घातल्याने किती घरे कोसळली, हे आपल्या ज्ञातीतील व्यापारी व नोकरदार कुटुंबांसही अनुभवाने ज्ञात आहे.

भगवानदादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. तेथून ते निघाले होते, तेथेच त्यांना परतावे लागले. परंतु त्यांनी काम सोडले नाही. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' यांसारख्या चित्रपटांत ते पूर्वीच दिसले होते. आता मिळेल ती लहानसहान भूमिका ते पत्करू लागले. कधी एखादाच प्रवेश, कधी नृत्यातील चार पावले. एकेकाळच्या मालकाने दुसऱ्याच्या स्टुडिओत रोजावर उभे राहणे यात ज्यांना मानहानी दिसली, त्यांना दिसो. आम्हांस त्यात गिरणीकामगाराच्या मुलाचा बाणा दिसतो. पाळी चुकवावयाची नाही, हा तो बाणा.

या काळात गिरणगावाचेही दिवस फिरले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात ओढले गेले आणि बहुसंख्यांस पुन्हा कामावर जाता आले नाही. भोंगे थांबले, चिमण्या थंड पडल्या. परळ-लालबागच्या घराघरांतून अकस्मात जी ओढग्रस्त आली, ती आपल्या सभासदांपैकी कित्येकांनी प्रत्यक्ष भोगली आहे. चाळीतल्या आपल्या खोलीत बसलेले भगवानदादा त्या वस्तीस परके वाटले नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

दादरकर आजही एक आठवण सांगतात. गणेशविसर्जनाची मिरवणूक भगवानदादांच्या चाळीपुढे आली की थांबत असे. वाजंत्री 'अलबेला'तील गीताची धून सुरू करीत, आणि भगवानदादा खाली येऊन आपली ती सुप्रसिद्ध पावले टाकून दाखवीत. मग मिरवणूक पुढे सरके. बंगला, मोटारी आणि स्टुडिओ ज्या लोकांनी दिलेल्या पैशांतून उभे राहिले होते, ते लोक मात्र त्यांच्यापासून कोणी हिरावून नेले नाहीत.

४ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने भगवानदादांचे देहावसान झाले. २०१६ साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाई यांनी त्यांची आणि विद्या बालन यांनी गीता बालीची भूमिका केली. नव्या पिढीस त्यांची ओळख झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

या चरित्रातून तरुणांनी काय घ्यावे? कलेच्या वाटेने जाऊ नये, असा सल्ला आम्ही देणार नाही. जावे, परंतु मिळकतीचा काही भाग घराच्या नावे राखून जावे, सोबत्याच्या अंगास इजा न होईल इतका संयम हातांत ठेवून जावे, आणि दैव फिरले तर लहान काम करण्याची लाज बाळगू नये. वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, आपल्या चाळीत, आपल्या आळीत असा कोणी वृद्ध कलावंत राहत असेल तर त्याच्या दारापुढे मिरवणूक क्षणभर थांबवावी. त्यास आपण फार काही देऊ शकणार नाही; परंतु आपण विसरलो नाही, एवढे तरी त्यास कळेल.