रुग्णाकडून धनुष्य शिकलेला सर्जन

अमरावती किंवा अकोल्याच्या कोणत्याही लाकडाच्या वखारीत सहा फूट लांब आणि दीड-दोन इंच रुंद पट्टी सहज मिळते. सुताराच्या हाती ती चौकटीला लागते. पण लाकूड नीट पारखून घेतले आणि घाई केली नाही, तर त्याच पट्टीचे धनुष्यही होते. या विद्येचा बारकाईने अभ्यास करून ती आधुनिक जगासाठी लिहून ठेवणाऱ्यांत एक नाव फार मोठे आहे. हा माणूस सुतार नव्हता आणि सैनिकही नव्हता. तो शल्यचिकित्सक होता आणि धनुष्य तो आपल्या एका रुग्णाकडून शिकला होता. त्याचे नाव डॉ. सॅक्स्टन पोप.

पोप यांचा जन्म १८७५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतात झाला. वडील लष्करात डॉक्टर होते, त्यामुळे बालपण छावण्यांमध्ये आणि मोकळ्या रानात गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे एका लहान गावात व्यवसाय केला. १९१२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकवू लागले. रुग्णालयाला लागूनच विद्यापीठाचे मानववंशशास्त्राचे संग्रहालय होते आणि त्या संग्रहालयात एक माणूस राहत होता.

लोक त्याला इशी म्हणत. हे त्याचे खरे नाव नव्हते. आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे नाही, अशी त्याच्या समाजाची रीत होती. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस, एवढेच. तो कॅलिफोर्नियातील याही जमातीचा. १८४९ नंतर सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी ही जमात जवळजवळ संपवून टाकली. उरलेली मोजकी माणसे सुमारे चाळीस वर्षे डोंगरदऱ्यांत लपून राहिली. एकेक करून तीही गेली. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाच्या एका कत्तलखान्याजवळ उपाशी, एकटा इशी सापडला, तेव्हा तो पन्नाशीच्या आसपास होता. काय करावे हे न कळल्याने त्याला आधी तुरुंगात ठेवण्यात आले. नंतर टी. टी. वॉटरमन आणि आल्फ्रेड क्रोबर या अभ्यासकांनी त्याला संग्रहालयात आणले.

डॉक्टर झाला विद्यार्थी

शेजारच्या रुग्णालयात इशीची ये-जा असे. वॉर्डात जाऊन तो रुग्णांची विचारपूस करी. त्याच्या प्रकृतीकडे पोप पाहत. ओळख तपासणीपासून सुरू झाली आणि धनुष्यावर येऊन स्थिरावली. इशी पोप यांना आपल्या भाषेतला वैद्याचा शब्द लावून हाक मारी, पण दोघांमध्ये शिकवण्याचे काम इशीच करत होता.

इशीचे धनुष्य डोंगरी जुनिपरच्या लाकडाचे, जेमतेम साडेतीन फुटांचे असे. पाठीवर हरणाचे स्नायुबंध, म्हणजे कंडरा, सरसाने चिकटवलेले. हा सरस तो माशाच्या कातडीपासून काढी. ते ओढायला सुमारे पंचेचाळीस पौंडांचा जोर लागे. प्रत्यंचा तो अंगठ्याने ओढत असे. धनुष्याबद्दल त्याचे काही दंडक होते: वापर नसताना प्रत्यंचा उतरवायची, ते उभे करून ठेवायचे नाही, कुणी ओलांडायचे नाही. सतत ताणात राहिलेले लाकूड हळूहळू वाकलेलेच राहते आणि त्याची ताकद जाते. आज अभियंते हीच गोष्ट आपल्या परिभाषेत सांगतात. इशीला ती अनुभवाने ठाऊक होती.

१९१४ च्या मे महिन्यात इशीच्या जुन्या रानात सगळे मिळून गेले. सोबत पोप आणि त्यांचा मुलगाही होता. बोटांतून सशाच्या ओरडण्याचा आवाज काढून इशी जनावराला जवळ बोलावी. बाण किती दूर जातो यापेक्षा सावजाच्या किती जवळ जाता येते, यावर त्याची शिकार अवलंबून होती.

लाकूड आणि हाड

पोप यांनी पुढे निरनिराळ्या देशांची धनुष्ये तपासली, त्यांच्या प्रतिकृती करून बाण सोडले, जोर आणि पल्ला मोजून ठेवला. स्वतःसाठी ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे उंच इंग्रजी धनुष्य करत. मात्र हिकरी, अ‍ॅश यांसारख्या लाकडांचेही कामापुरते धनुष्य होते, हे त्यांनी नोंदवले.

यामागचे तत्त्व अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याला लगेच कळावे असे आहे. धनुष्य वाकते तेव्हा समोरची, लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. लाकूड बहुधा ताणलेल्या बाजूने तुटते. हाडाचेही तसेच आहे. हाड दाब जितका सोसते तितका ताण सोसत नाही. लहान मुलाचा हात वाकून मोडतो तेव्हा ओल्या फांदीप्रमाणे एकीकडे तडा जातो आणि दुसरीकडे हाड नुसतेच वाकते. इशीने धनुष्याच्या नेमक्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर कंडरा चिकटवला होता. कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचे समांतर धागे. ताण सोसण्यासाठीच शरीराने ते घडवलेले असतात.

वखारीतली पट्टी निवडतानाही हेच पाहायचे. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असेल, तर तडा तिथूनच जाणार. गाठ, चीर, ओलावा असलेले लाकूड नको. परतवाड्याच्या आगारातला सागवान दारा-खिडक्यांना उत्तम, कारण तो आपला आकार सोडत नाही. धनुष्याला मात्र वाकून पुन्हा सरळ होणारे लाकूड हवे. मेळघाटातल्या धामणीचे लाकूड तसे लवचीक आहे. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असेच नाव आहे.

ताणल्या जाणाऱ्या बाजूला शक्यतो हात लावायचा नाही, दुसऱ्या बाजूने लाकूड उतरवायचे. मूठ मधोमध जाड ठेवायची आणि दोन्ही पंख टोकाकडे निमुळते करत जायचे. थोडे खरवडायचे, थोडे वाकवायचे, दूर ठेवून पाहायचे. जिथे वाकत नाही तिथे खरवडायचे, जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही. रंध्याने सुरू झालेले काम शेवटी काचेच्या तुकड्यावर येते. पाठीवर सुती किंवा तागाचे कापड चिकटवले की तड्याचा धोका कमी होतो. तयार धनुष्याची प्रत्यंचा बाण न लावता ओढून सोडू नये, कारण बाणात जायची शक्ती मग लाकडातच फुटते. नवशिक्याने वीस-पंचवीस पौंडांपासूनच सुरुवात करावी, नाहीतर खांद्याचे स्नायू दुखावतात.

छातीचा रोग

इशी आयुष्यभर मूठभर माणसांत राहिला होता. शहरातले श्वसनाचे रोग त्याच्या शरीराला अनोळखी होते. सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासून सर्दी-खोकला त्याच्या मागे लागला. १९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपिर हे भाषाशास्त्रज्ञ त्याची भाषा नोंदवून घेत होते. त्याच सुमारास क्षयरोगाने डोके वर काढले आणि ऑगस्टमध्ये निदान पक्के झाले. क्षयावर तेव्हा एकही परिणामकारक औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४३ उजाडायचे होते. शेवटी इशीला त्याच्या परिचयाच्या संग्रहालयातच ठेवण्यात आले. २५ मार्च १९१६ रोजी तो गेला, तेव्हा पोप त्याच्याजवळ होते.

त्यानंतर जे घडले ते वैद्यकाने विसरू नये. मृतदेहाची चिरफाड न करता दहन करावे, ही इशीच्या लोकांची रीत होती. न्यूयॉर्कमध्ये असलेल्या क्रोबर यांनी शवविच्छेदन होऊ देऊ नका असे पत्राने कळवले, पण पत्र उशिरा पोहोचले. विद्यापीठाने शवविच्छेदन केले आणि मेंदू काढून ठेवला. पोप यांनी ते थांबवले नाही. उरलेल्या देहाला धनुष्य, पाच बाण आणि टोपलीभर धान्याच्या पिठासारखे ओकच्या फळांचे पीठ देऊन अग्नी दिला गेला. मेंदू १९१७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेला आणि तिथेच राहिला. २००० साली तो इशीच्या जवळच्या जमातींना परत मिळाला.

गुरूने शिष्याचा अंगठा मागितल्याची कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. इथे शिष्याच्या रुग्णालयात गुरूचा मेंदू काढून घेतला गेला. पोप यांचे इशीवर प्रेम होते, याबद्दल शंका नाही. परंतु प्रेम असूनही संमती विचारायची राहून जाते, हेही तितकेच खरे. आज शवविच्छेदन असो वा साधी शस्त्रक्रिया, रुग्णाची किंवा नातेवाईकांची लेखी परवानगी लागते. अशा अनेक चुकांनंतर हा नियम आला आहे. कायद्याने सक्तीचे केलेले शवविच्छेदन वेगळे, पण तिथेही कुटुंबाला समजावून सांगणे डॉक्टरच्या हातात असते.

इशीची धनुर्विद्या पोप यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९२० मध्ये त्याचा वैद्यकीय इतिहास. धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे त्यांचे पुस्तक १९२३ चे. अमेरिकेत धनुर्विद्या पुन्हा रुजली त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. मित्र आर्थर यंग यांच्यासह त्यांनी अस्वलांची आणि आफ्रिकेत सिंहांचीही शिकार केली. आज ते रुचणार नाही. ८ ऑगस्ट १९२६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पेनिसिलिनचा शोध लागायला दोन वर्षे बाकी होती. गुरू-शिष्य दोघांनाही छातीच्याच रोगाने नेले आणि दोघांचेही औषध उशिरा आले.

आता औषध आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेले वजन ही लक्षणे दिसली तर जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मेळघाटातून खोकत येणारा म्हातारा कदाचित लाकडाची रेषा बोटाने ओळखत असेल, झाडपाला जाणत असेल. त्याची छाती तपासताना त्याला चार गोष्टी विचारल्या, तर तपासणीला फार वेळ लागत नाही. पोप यांनी तेवढे विचारले, म्हणून एका संपलेल्या जमातीची विद्या उरली.