सलाईनचा पाया रचणाऱ्या डॉक्टरनेच भारतात तारेचं जाळं उभारलं

जुलाब-उलट्यांनी माणूस गळून गेला की आपल्याकडे घरचेच डॉक्टरांना सलाईन लावायला सांगतात. पण दोनशे वर्षांपूर्वी अशा पेशंटच्या अंगातून डॉक्टर उलट रक्त काढायचे. या उपचाराची दिशा बदलणारा विचार मांडला तो अवघ्या २२ वर्षांच्या एका आयरिश डॉक्टरने. त्यांचं नाव विल्यम ओशॉनेसी.

ओशॉनेसी मूळचे आयर्लंडमधल्या लिमरिकचे. १८२९ मध्ये त्यांनी एडिनबरामधून डॉक्टरकीची पदवी घेतली. १८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलँड बंदरात कॉलरा पोहोचला. निळेकाळे पडलेले, डोळे खोल गेलेले पेशंट काही तासांत दगावत होते. ते बघायला ओशॉनेसी स्वतः तिकडे गेले.

त्यांनी पेशंटचं रक्त तपासलं. ते घट्ट झालं होतं. त्यातलं पाणी, मीठ आणि क्षार कमी झाले होते आणि नेमक्या याच गोष्टी जुलाबातून बाहेर पडत होत्या. मग त्यांनी साधा हिशोब मांडला. जे गेलंय ते परत द्या, आणि तोंडाने टिकत नसेल तर थेट शिरेतून द्या. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथचे डॉक्टर थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये प्रयोग केला. त्यांची पहिली पेशंट होती एक म्हातारी. तिच्यावरचे सगळे उपाय संपले होते. लाटांनी तिच्या हाताच्या शिरेत नळी घालून क्षारांचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात तीन लिटरहून जास्त पाणी गेलं, नाडी परत लागली, चेहऱ्यावर तेज आलं. आता धोका टळला असं समजून लाटा निघून गेले. जुलाब मात्र पुन्हा सुरू झाले, कुणी पुन्हा पाणी दिलं नाही आणि काही तासांत ती गेली.

पुढे काही पेशंट वाचलेही. पण हा उपाय बहुतेकदा अगदी शेवटच्या क्षणी व्हायचा, निर्जंतुक पाणी ही कल्पनाच नव्हती आणि १८३३ मध्ये लाटाही वारले. पद्धत मागे पडली.

त्याच वर्षी ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले. मेडिकल कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. गांजाच्या औषधी उपयोगावर त्यांनी १८३९ मध्ये निबंध लिहिला. मग ते तारायंत्राकडे वळले. त्यांच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले. १८५६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, तोही तारेच्या कामासाठी. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

योगायोग बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारांचं पाणी देऊन कॉलऱ्याचे मृत्यू बरेच कमी करून दाखवले, ते याच कलकत्त्यात. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली ड्युड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. आतडी काम करत नसलेल्या पेशंटला लागणारं सगळं पोषण शिरेतून देता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

आज आयसीयूमध्ये पेशंटच्या अंगातून किती पाणी गेलं आणि किती दिलं, याची नोंद तासातासाला होते. ओशॉनेसींनी १८३१ च्या साथीत मांडलेला हिशोब तोच होता.