डॉ. विल्यम लेनॉक्स आणि घराण्यातील अपस्मार

आपण बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहत असाल वा अहिल्यानगरच्या एखाद्या खेड्यात, घरात कोणास फेफरे येत असेल तर विवाहाची बोलणी निघताच ती गोष्ट कशी दडविली जाते, हे आपणांस ठाऊक आहे. औषधाच्या गोळ्या पेटीच्या तळाशी जातात. हा रोग घराण्यातून येतो काय, या प्रश्नाचे भय रोगाहून मोठे असते. ज्या मनुष्याने या प्रश्नापायी आयुष्य वेचले, त्याची ओळख आपण करून घेऊ.

विल्यम गॉर्डन लेनॉक्स यांचा जन्म १८८४ साली अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे झाला. हार्वर्ड येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते वैद्यकीय मिशनरी म्हणून चीनला गेले. तेथे एका मित्राच्या कन्येला अपस्माराने ग्रासले होते. वैद्य असूनही तिच्यासाठी आपणांस फारसे काही करता येत नाही, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. मायदेशी परतल्यावर त्यांनी बॉस्टनमध्ये याच एका रोगाचा अभ्यास आरंभिला.

१९३५ साली फ्रेडरिक गिब्ज व हॅलोवेल डेव्हिस यांच्यासह त्यांनी अपस्माराच्या रुग्णांचे मेंदूचे विद्युत आलेख प्रसिद्ध केले. शुभवर्तमानातील फेफरेकरी मुलाची हकिगत आपण वाचली आहे. शतकानुशतके भुताखेतांच्या नावे सांगितला गेलेला हा विकार आता कागदावर रेघांच्या रूपाने दिसू लागला. पुढे लेनॉक्स यांनी रुग्णांच्या निरोगी आईबापांचे व भावंडांचेही आलेख काढले. ज्यांना कधी एकही झटका आला नव्हता, अशा अनेकांच्या आलेखांतही बिघाड आढळला. मग ते जुळ्यांकडे वळले. एकबीज जुळ्यांत दोघांनाही अपस्मार असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांहून पुष्कळच अधिक निघाले. मेंदूला पूर्वी इजा झालेली नसेल तेथे तर विशेषच. त्यांच्या मते वारशाने येते ती प्रवृत्ती. ती असूनही रोग प्रकट होईलच असे नाही, आणि रुग्णांची बहुतेक मुले निरोगीच निपजतात.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. आनुवंशिकतेच्या त्या काळच्या विचारांनी लेनॉक्सही भारावले होते. जन्मतः मतिहीन असणाऱ्यांना दयामरण द्यावे, असे मत त्यांनी १९३८ साली उघडपणे मांडले. ज्या दुर्बळांसाठी त्यांनी रात्री जागविल्या, त्यांच्याच सोबत्यांविषयी ते असे कसे बोलू शकले, हे मला उमगलेले नाही. मिशनरी म्हणून त्यांचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिक होईल.

१९३५ ते १९४९ ते अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते. १९५१ साली त्यांना व गिब्ज यांना लास्कर पारितोषिक मिळाले. १९६० साली कन्या मार्गारेट यांच्या साहाय्याने लिहिलेला त्यांचा द्विखंडी ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

लेनॉक्स यांच्यापाशी जनुके वाचण्याचे साधन नव्हते. ते आता आले आहे, आणि त्याचा एक उपयोग आपल्याच देशात झाला आहे. एचएसआर लेआउटहून होसूर रस्त्याने शहराकडे गेल्यास निम्हान्स लागते. कर्नाटकात काहींना डोक्यावर ऊन पाणी ओतताच झटका येतो, आणि कधी एकाच घरात असे अनेक जण असतात. निम्हान्सचे वैद्य व जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू केंद्राचे संशोधक यांनी अशा घराण्यांचे रक्त तपासले. एका घराण्यात दोषाचा माग १० व्या गुणसूत्राच्या एका भागात लागला, तर दुसऱ्यात ४ थ्या. घराणी निराळी तशी कारणेही निराळी. लेनॉक्स यांच्या आलेखांवर हे दिसणे शक्य नव्हते.

आणि वाचकहो, ज्या विवाहासाठी गोळ्या लपविल्या जातात त्याविषयी हेही जाणून असा : हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास अडसर मानला होता. १९९९ साली तो शब्द दोन्ही कायद्यांतून वगळण्यात आला.